मराठी प्रणयकादंबरी आणि वाचकाचे मत : हेब्बाळच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

मराठी कादंबरीच्या इतिहासात प्रणयकादंबरीविषयी पुष्कळ मते नोंदलेली आहेत. ती प्रस्तावनाकारांची आहेत, सुधारकांची आहेत, समीक्षकांची आहेत, आणि एका प्रसंगी तर सर्वोच्च न्यायालयाचीही आहेत. ज्यांच्यासाठी ही कादंबरी लिहिली गेली आणि ज्यांनी ती दुपारच्या मोकळ्या तासात, प्रवासात किंवा उशीखाली दडवून वाचली, त्यांचे मत मात्र या नोंदींत क्वचितच सापडते. वाचकाविषयीच्या मतांनी वाचकाच्या मताची जागा घेतली, हे मराठी प्रणयकादंबरीच्या स्वागताच्या इतिहासाचे ठळक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. ही अदलाबदल कशी झाली आणि वाचकाचे स्वतःचे मत आज कोठे व कशा स्वरूपात उपलब्ध होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारासाठी बंगळूरच्या उत्तरेकडील हेब्बाळ हे ठिकाण संदर्भ म्हणून घेतले आहे. एका मोठ्या तळ्याच्या काठचे हे मूळ गाव. १८९९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे प्रायोगिक कृषिक्षेत्र येथे सुरू झाले, १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ आले. २००८ मध्ये शहराचा नवा विमानतळ देवनहळ्ळीजवळ सुरू झाल्यावर हेब्बाळ हे बंगळूरचे उत्तरद्वार बनले, आणि संगणक व्यवसायातील नोकऱ्यांमुळे भारताच्या सर्व भागांतील कुटुंबे येथील इमारतींत राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा ठिकाणच्या मराठी वाचकाला ठाण्याचे १८९३ चे किंवा मुंबईचे १८९८ चे मराठी ग्रंथसंग्रहालय घराजवळ उपलब्ध नसते. दिवाळी अंकांची चर्चा, व्याख्यानमाला, ग्रंथपालाची शिफारस, वर्तमानपत्रातील परीक्षण या मध्यस्थांवाचून तो वाचतो. म्हणून वाचकाचे मत मध्यस्थांपासून वेगळे करून पाहण्यास हा संदर्भ उपयोगी ठरतो.

येथे 'प्रणयकादंबरी' ही संज्ञा मर्यादित अर्थाने योजली आहे. प्रेमाचा विषय असलेली प्रत्येक कादंबरी या वर्गात येत नाही. नायक आणि नायिका यांच्या मीलनातील अडथळे हेच जिचे कथानक, तो अडथळा दूर होणे हाच जिचा शेवट, आणि या शेवटाची हमी वाचकाला आरंभीच मिळालेली असते, अशी ही कादंबरी. इंग्रजीत ती ठरावीक पृष्ठसंख्येत, ठरावीक मालिकेत, दरमहा नव्या पुस्तकांच्या रूपाने येते. मराठीत अशी बांधीव मालिका फारशी रुजली नाही. परंतु हमी देणारी कादंबरी आणि त्या हमीवर विसंबणारा वाचक हे दोन्ही मराठीत दीर्घकाळ होते व आहेत.

२

१८६८ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीने घालून दिलेल्या अद्भुतरम्य वळणाची ही रचना. तिच्या प्रस्तावनेत रिसबूड यांनी लेखकाची एक अडचण मांडली आहे. हिंदू समाजातील विवाहपद्धतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे येथील लोकांच्या आयुष्यात कथेला पुरेसे असे मनोवेधक प्रसंगच घडत नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात वाचकाला गुंतविणारे काही उरत नाही, असा त्या विवेचनाचा आशय आहे.

हे विधान लेखकाच्या कल्पनाशक्तीची सबब म्हणून पुष्कळदा वाचले गेले. वस्तुतः ते एक सामाजिक निरीक्षण आहे. प्रणयकथेला नायिकेच्या आयुष्यात एक रिकामा अवकाश लागतो: ती जाणती झाली आहे आणि तिचे लग्न अजून व्हायचे आहे, असा काळ. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीच्या आयुष्यात हा अवकाशच नव्हता. त्यामुळे प्रेम करणारी नायिका राजकन्या असावी लागे आणि तिचे राज्य नकाशाबाहेरचे असावे लागे.

त्याच १८६८ मध्ये इंग्लंडमधील हिक्लिन खटल्यात अश्लीलतेची एक कसोटी सांगितली गेली. ज्यांची मने अशा अनैतिक प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती असे लेखन पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्या लेखनात आहे काय, ही ती कसोटी. पुढे भारतातील न्यायालयांनीही ती स्वीकारली. या कसोटीत वाचक आहे. पण तो कच्च्या मनाचा, भुलणारा आणि स्वतःचे मत नसलेला असा गृहीत धरलेला वाचक आहे. एकाच वर्षी मराठी लेखक वाचकाला आपण काय देऊ शकत नाही हे सांगत होता आणि इंग्रजी कायदा वाचकाला कशापासून वाचवावे हे ठरवीत होता. पुढील शंभर वर्षांत दुसरा विचारच प्रबळ ठरला.

१८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी कादंबरी व नाटक यांविषयीचा निबंध लिहिला. मराठीतील या विषयाच्या चिकित्सेचा तो आरंभ समजला जातो. कादंबरीने काय करावे आणि काय करू नये, हा त्या काळच्या चर्चेचा मुख्य सूर होता. कादंबरी वाचून वाचकाला काय वाटते, हा प्रश्न अद्याप कोणी विचारीत नव्हते.

या काळात वाचकाचे मत ज्यांच्याकडून मिळते अशा थोड्या स्त्रियांत काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे स्थान पहिले आहे. नवव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेल्या काशीबाई लग्नानंतर वाचायला शिकल्या. सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेल्या त्यांच्या आत्मचरित्रातून त्या काळातील स्त्रीच्या वाचनाची चोरटी अवस्था कळते. हरि नारायण आपटे यांच्याशी त्यांचा स्नेह व पत्रव्यवहार होता. आपट्यांची 'मधली स्थिती' (१८८५) रेनल्ड्सच्या कादंबरीवरून स्फुरलेली. 'पण लक्षात कोण घेतो?' (१८९०–९३) ही पूर्णतः मराठी घरातली. या वाटचालीच्या काळात एक वाचक स्त्री लेखकाच्या निकट होती, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात सहसा चरित्रात्मक तपशील म्हणून येते. तिचा अर्थ अधिक आहे. वाचक स्त्रीला मत असते आणि लेखकाला त्याचा उपयोग होतो, याचा तो पहिला पुरावा आहे. मात्र काशीबाई स्वतः लेखिका झाल्या म्हणूनच हे मत टिकले. ज्या लेखिका झाल्या नाहीत त्यांचे वाचन त्यांच्याबरोबर संपले.

३

रिसबुडांनी सांगितलेली अडचण पुढील साठ वर्षांत हळूहळू दूर झाली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात स्थापिलेले महिला विद्यापीठ, आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविणारा १९२९ चा शारदा कायदा हे त्यातील टप्पे. कायद्याने समाज एकदम बदलला नाही. पण शहरी मध्यमवर्गात लग्नापूर्वी महाविद्यालयात जाणारी मुलगी दिसू लागली. मराठी कादंबरीला आपली नायिका घराजवळ सापडली.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांची 'जादूगार' १९२८ मध्ये आणि 'दौलत' १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली, हा योगायोग या पार्श्वभूमीवर पाहावा. महाविद्यालय, टेनिसचे मैदान, मोटार, थंड हवेचे ठिकाण यांच्या सान्निध्यात सुशिक्षित तरुण-तरुणींची भेट, गैरसमज, ताटातूट आणि मीलन असा आराखडा फडक्यांनी स्थिर केला. 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात त्यांनी कथालेखनाच्या तंत्राचा विचार मांडला. वाचकाची उत्कंठा कशी जागवावी आणि कशी टिकवावी, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न होता. प्रणयकादंबरी हे शिकता येण्याजोगे, नियम असलेले कारागिरीचे काम आहे, असे मराठीत इतक्या उघडपणे फडक्यांनीच मांडले.

यानंतर फडके-खांडेकर वाद म्हणून ओळखला जाणारा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा संघर्ष दीर्घकाळ चालला. या वादाच्या दोन्ही बाजूंनी वाचकाचे नाव घेतले. एका बाजूस वाचकाला आनंद हवा होता, दुसऱ्या बाजूस वाचकाला उन्नती हवी होती. वाचकाला नेमके काय हवे होते, हे दोन्ही बाजूंनी स्वतःच ठरविले. कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथाने कादंबरीच्या मूल्यमापनाची शिस्त घालून दिली. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या, तेव्हा रंजनाची परंपरा 'मुक्तामाला' प्रवृत्तीत गेली. या मांडणीचे मोल मोठे आहे. परंतु रंजन हा शब्द वापरला की वाचकाविषयीचा प्रश्न मिटतो, अशी एक सवय तिच्यातून पुढच्या समीक्षेला लागली.

फडक्यांच्या नायिकांचे महाविद्यालयीन जग मराठी स्त्रियांना खरे वाटत होते काय? याचे उत्तर त्याच दशकातील एका वेगळ्या पुस्तकात शोधता येते. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या किंवा न झालेल्या मुलींच्या या कथा. फडक्यांच्या कादंबरीत जो अवकाश प्रणयाने भरून निघतो, तोच अवकाश येथे प्रतीक्षेने आणि तडजोडीने भरलेला आहे. या संग्रहाने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडविली. एकाच काळातील सुशिक्षित स्त्रीपुढे ही दोन्ही प्रकारची पुस्तके होती. तेव्हा प्रणयकादंबरीची वाचक स्त्री वास्तवाला पारखी होती, हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक ठरते. बऱ्याचदा वास्तव ठाऊक असल्यामुळेच ती दुसऱ्या प्रकारचे पुस्तक निवडीत असणे अधिक संभवनीय आहे.

४

स्वातंत्र्योत्तर काळात वाचकाविषयीचा निवाडा करण्याचे काम प्रत्यक्ष न्यायालयाकडे आले. चंद्रकांत काकोडकर हे त्या काळातील अत्यंत लोकप्रिय प्रणयकादंबरीकार. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. एका वाचकाच्या तक्रारीवरून भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी निर्दोष ठरविलेल्या काकोडकरांना मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यापूर्वी रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' अश्लील ठरविताना हिक्लिन कसोटी मान्य केलेली होती. त्यामुळे काकोडकरांची बाजू सोपी नव्हती.

ऑगस्ट १९६९ मध्ये न्या. पी. जगन्मोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निर्णयाने काकोडकर निर्दोष सुटले. निर्णयाचा गाभा असा की, कलाकृती समग्र पाहिली पाहिजे आणि आक्षेपार्ह भाग स्वतंत्रपणेही तपासला पाहिजे. समकालीन समाजाची मापने बदलत असतात. आणि लैंगिक संबंधांचा केवळ उल्लेख अश्लील मानला, तर निव्वळ धार्मिक ग्रंथांशिवाय काही विकता येणार नाही. मराठी प्रणयकथेच्या निमित्ताने भारतीय कायद्यात हा महत्त्वाचा बदल नोंदला गेला, याची दखल वाङ्मयेतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन वाङ्मय, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना अपवाद मिळाला. आणि त्याच वर्षी काकोडकरांच्या 'निलांबरी' या कादंबरीवर आधारलेला 'दो रास्ते' हा राज खोसला दिग्दर्शित हिंदी चित्रपट प्रदर्शित होऊन गाजला. ज्या लेखकाच्या कथेने वाचकाचे मन बिघडते काय, असा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता, त्याच लेखकाची कौटुंबिक कथा देशभरची कुटुंबे चित्रपटगृहात एकत्र बसून पाहत होती.

हा निर्णय वाचकाच्या बाजूचा होता. तरीही त्यात चर्चिला गेलेला वाचक हा १८६८ च्या वाचकाप्रमाणेच गृहीत धरलेला होता. किशोरवयीन वाचकावर काय परिणाम होईल याची चिकित्सा झाली. वाचकाने त्या कथेचे काय केले, हा कायद्याचा प्रश्नच नव्हता.

५

न्यायालयात हा वाद चालू असताना वाचनाचा प्रत्यक्ष व्यवहार वाचनालयांत चालला होता. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. त्यांच्याबरोबरच गल्लोगल्ली खाजगी वाचनालये होती. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे या लेखिकांच्या कादंबऱ्या प्रामुख्याने या मार्गाने वाचल्या गेल्या. या सर्वांना एकाच वर्गात बसविणे अन्यायाचे होईल. परंतु मध्यमवर्गीय घर, लग्न आणि नवराबायकोमधील अंतर हा त्यांचा समान प्रदेश होता. इंग्रजी प्रणयमालिकेची नायिका बहुधा लग्नाच्या उंबरठ्यावर सोडली जाते. मराठी नायिकेची कथा अनेकदा त्या उंबरठ्यापासून सुरू होते. लग्न ठरवून होणाऱ्या समाजात प्रेम हे लग्नानंतरचे काम असते, हे या लेखिकांनी ओळखले होते.

या वाचनाचे दस्तऐवज वाचनालयाच्या नोंदवह्यांत होते. कोणते पुस्तक कितीदा बाहेर गेले, कोणत्या पुस्तकाला दुसऱ्यांदा बांधणी करावी लागली, कोणते पुस्तक परत आलेच नाही, हे सर्व वाचकाचे मतच होते. फक्त ते वाक्यांत लिहिलेले नव्हते. काही प्रतींच्या समासांत पेन्सिलीने लिहिलेले शेरे मात्र वाक्यांत होते. वाचनालयांनी ते पुस्तकाचे नुकसान मानले. नोंदवह्या जागेअभावी निकालात निघाल्या, जीर्ण प्रती रद्दीत गेल्या, आणि मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या साहित्याचा वाचकेतिहास पुराव्याविना राहिला.

इंग्लंडमधील एका प्रकाशनसंस्थेचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. १९०८ मध्ये स्थापन झालेली मिल्स अँड बून ही संस्था १९३० च्या दशकात प्रणयकादंबरीकडे वळली, तीही तेथील दोन पेनी भाड्याच्या वाचनालयांच्या जोरावर. युद्धोत्तर काळात ही वाचनालये बंद पडू लागली तेव्हा कॅनडातील हार्लेक्विन या कंपनीने तिच्या कादंबऱ्या स्वस्त कागदी बांधणीत काढण्यास प्रारंभ केला, आणि १९७१ मध्ये ती संस्थाच विकत घेतली. वाचनालयांतून आणि पत्रांतून येणारा वाचकांचा अभिप्राय तेथे धंद्याचा भाग होता. वाचकाला काय आवडते हे ठाऊक असणे हे त्या प्रकाशकाचे भांडवल होते. मराठीत मात्र वाचनालय हाच मुख्य ग्राहक राहिल्याने प्रकाशक आणि वाचक यांची प्रत्यक्ष गाठ पडली नाही.

६

भारतात या इंग्रजी मालिका अनेक दशके आयात होऊन रेल्वे स्थानकांवर, खाजगी वाचनालयांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळत होत्या. बंगळूरचा ॲव्हेन्यू रोड हे अशा जुन्या पुस्तकांचे एक प्रसिद्ध ठिकाण. २००८ मध्ये हार्लेक्विनने भारतात स्वतःचे कार्य सुरू केले. कंपनीच्या कथास्पर्धेतून पुढे आलेल्या मिलन व्होरा या बंगळूरच्या लेखिकेची 'द लव्ह आसना' ही कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या मिल्स अँड बूनच्या पहिल्या भारतीय लेखिका ठरल्या. कोऱ्या साहेबी नायकाची जागा भारतीय नायकाने घेतली. हमी मात्र तीच राहिली.

कन्नडमध्ये या वेळेपर्यंत स्त्रियांच्या लोकप्रिय कादंबरीची स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा होती. त्रिवेणी (१९२८–१९६३) यांच्या कादंबऱ्यांनी स्त्रीच्या मनोव्यापारांना वाचकप्रिय कथेत स्थान दिले. त्यांच्या 'बेळ्ळिमोड' व 'शरपंजर' या कादंबऱ्यांवर पुट्टण्णा कणगाल यांनी चित्रपट काढले. पुढे साईसुते यांच्यासारख्या लेखिकांनी हा वाचकवर्ग टिकविला. म्हणजे हेब्बाळसारख्या ठिकाणी मराठी वाचक ज्या शहरात येऊन राहतो, तेथे प्रणयकादंबरीची दोन दालने आधीच उघडी होती. इंग्रजीचे दालन त्याला खुले होते. कन्नडचे लिपीच्या अंतरामुळे बहुधा बंद. मराठीचे दालन मात्र शहरात शोधावे लागे. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. पण हेब्बाळहून तेथे जाणे हा या शहराच्या वाहतुकीत एका दुपारचा खर्च असतो.

बंगळूरच्या जुन्या मराठी भाषकांची स्थिती आणखी निराळी. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून येथे मराठी बोलणारी घराणी आहेत. त्यांतील अनेकांच्या घरात मराठी आणि शाळेत कन्नड असल्याने बोलीचा वारसा टिकला, तरी छापील मराठीशी नाते सैल राहिले. नवागत वाचकाजवळ लिपी आहे पण ग्रंथालय नाही. जुन्या रहिवाशाजवळ भाषा आहे पण बऱ्याचदा लिपीचा सराव नाही.

या पोकळीत २०१४ मध्ये बंगळुरातच सुरू झालेल्या 'प्रतिलिपी' या भारतीय भाषांतील लेखन-वाचनाच्या मंचाने प्रवेश केला. मराठीचा त्यात समावेश आहे. कादंबरी येथे भागाभागांनी येते, मोबाइलवर वाचली जाते, आणि प्रत्येक भागाखाली वाचक तारकांनी व शब्दांनी आपले मत देतो. हप्त्यांनी कादंबरी वाचण्याची 'करमणूक' पत्राच्या काळातील रीत यामुळे परत आली. फरक इतकाच की, पुढचा भाग लिहिला जाण्यापूर्वी मागच्या भागावरील मत लेखिकेपर्यंत पोहोचते. काशीबाईंना जे स्नेहामुळे शक्य झाले, ते येथे कोणत्याही वाचक स्त्रीला शक्य झाले.

७

हे मत कशा स्वरूपाचे असते? या संदर्भात परदेशातील आणि भारतातील काही अभ्यास मार्गदर्शक आहेत. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मधील 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात अमेरिकेतील एका गावातील प्रणयकादंबरीच्या वाचक स्त्रियांशी बोलून असे दाखविले की, त्या स्त्रियांना चांगली आणि वाईट कादंबरी यांतील भेद काटेकोरपणे सांगता येत होता. नायकाचा क्रूरपणा, दुबळी नायिका आणि दुःखान्त ही त्यांच्या नापसंतीची कारणे होती. शिवाय वाचन ही क्रियाच त्यांना महत्त्वाची वाटे, कारण घरच्या सततच्या मागण्यांतून तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा होत असे. राधिका परमेश्वरन यांनी १९९० च्या दशकात हैदराबादमधील इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या तरुण वाचक स्त्रियांचा अभ्यास केला. घरच्यांच्या नापसंतीला तोंड देत वाचणाऱ्या या मुली आपल्या वाचनाचे समर्थन इंग्रजी सुधारते या कारणाने करीत. आणि ज्या विषयावर घरात बोलणेच नाही, त्या विषयाची माहितीही त्यांना येथूनच मिळे.

मराठी वाचकाच्या बाबतीत भाषा सुधारण्याचे हे समर्थन उपलब्ध नाही. मराठी प्रणयकथा वाचून कोणाची नोकरीची संधी वाढत नाही. त्यामुळे हेब्बाळच्या घरात इंग्रजी प्रणयकादंबरी मांडणीवर उभी राहू शकते आणि मराठी कथा मोबाइलमध्ये राहते. ही दुहेरी नापसंती आहे: विषयाची एक आणि भाषेची दुसरी. तरीही ती वाचली जाते, कारण सासू, नणंद, मावशी, माहेर या शब्दांनी व्यक्त होणारे ताण दुसऱ्या भाषेतील नायिकेला नसतात.

या मंचावरील मराठी कथांत कराराने किंवा घरच्यांच्या आग्रहाने झालेल्या लग्नातून उमलणारे प्रेम हा वारंवार येणारा आराखडा आहे. इंग्रजी मालिकेतही सोयीच्या लग्नाचा आराखडा जुना आहे. पण तेथे तो कल्पनाविलास आहे, येथे तो शेजारच्या घरातील प्रसंग आहे. म्हणून वाचकाच्या प्रतिक्रियेचा रोख बदलतो. लग्न कसे झाले याला मराठी वाचक फारसा आक्षेप घेत नाही. लग्नानंतर नवऱ्याने ते प्रेम कमावले की नाही, हे तो पाहतो. हात उगारणारा नायक अखेरच्या भागात क्षमा मागतो, तेव्हा ती क्षमा पुरेशी आहे काय यावर मते दुभंगतात. नायिकेने नोकरी सोडली तर कारण विचारले जाते. कथा उगाच लांबविली तर नाराजी नोंदविली जाते. शेवटची हमी मोडली तर तो विश्वासघात ठरतो.

समीक्षेने ज्याला साचेबद्धता म्हटले, ती वाचकाच्या दृष्टीने तुलनेची सोय असते. शंभर कथांत आराखडा तोच असेल, तरच एका कथेतील नवरा दुसरीतील नवऱ्यापेक्षा बरा का, हे सांगता येते. भजनाच्या चालीत किंवा लावणीच्या ठेक्यात जाणकार श्रोता ज्याप्रमाणे फरक ओळखतो, त्याप्रमाणे हा वाचक साच्यातील फरक ओळखतो. ही जाणकारी अप्रशिक्षित असेल, एकांगी असेल, क्वचित भाबडीही असेल. पण ती जाणकारी आहे. तिचा विषय शैली नसून वर्तन आहे, आणि लग्न या संस्थेच्या अटी कोणत्या असाव्यात याविषयीची ती सामुदायिक चर्चा आहे.

याचा अर्थ प्रत्येक लोकप्रिय कथा चांगली असते असा नाही. धनिक आणि संतापी नायकाचे आकर्षण, स्त्रीच्या सहनशीलतेचा गौरव, जातीविषयीचे जवळजवळ संपूर्ण मौन हे या कथांचे दोष उघड आहेत, आणि वाचकांची मतेही त्यांपासून मुक्त नाहीत. आडनावांवरून जात स्पष्ट असूनही ती अडथळा म्हणून क्वचितच येते, ही गोष्ट ज्या समाजात जातीबाहेरील लग्नासाठी आजही जीव जातो त्या समाजातील प्रणयकथेविषयी बरेच काही सांगते. समीक्षेचे काम येथे संपत नाही. उलट येथेच सुरू होते. मात्र त्यासाठी वाचकाचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते.

८

या विवेचनातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. वाचनालयांच्या नोंदवह्या नष्ट झाल्या, कारण त्या कोणी साहित्याचा पुरावा मानल्या नाहीत. आज वाचकांची मते प्रथमच मोठ्या प्रमाणात, मराठीत, वाक्यांच्या रूपाने लिहिली जात आहेत. पण ती खाजगी कंपन्यांच्या संगणकांवर आहेत. लेखिकेने कथा काढून घेतली किंवा मंच बंद पडला, तर त्याखालील मतेही जातील. १९६२ चा 'रंभा'चा अंक खटल्यामुळे न्यायालयाच्या कागदपत्रांत शिल्लक राहिला. ज्या कथेवर खटला होत नाही, तिच्या वाचकांची साक्ष कोठेच राहत नाही.

विद्यापीठांतील मराठी विभागांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनी या सामग्रीचा, वाचकांची ओळख गुप्त ठेवून आणि त्यांच्या संमतीने, संग्रह करण्याची पद्धती ठरविणे आता आवश्यक आहे. ज्या वाचनालयांत जुन्या देवघेवीच्या वह्या आणि शेरे असलेल्या प्रती अजून उरल्या असतील, त्यांची सूची प्रथम व्हावी. कारण त्यांचे आयुष्य सर्वांत थोडे आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाचा या कामात स्वतंत्र विचार करावा लागेल. हेब्बाळमध्ये मराठी कथा वाचून तिच्याखाली दोन ओळी लिहिणारी स्त्री कोणत्याही ग्रंथालयाची सभासद नाही, आणि मराठी वाचकांच्या कोणत्याही पाहणीत तिची गणना होण्याचा संभव कमी आहे. मराठी कादंबरीच्या पुढील इतिहासाला तिच्या त्या दोन ओळी लागतील.